लहान बिघाड आणि उड्डाणाचा निर्णय

दिल्लीतील सरोजिनी नगरानजीक सफदरजंग विमानतळ आहे. राजधानीची नियमित प्रवासी वाहतूक १९६२ साली येथून पालम येथे गेली. तथापि विमानविद्येशी या परिसराचा संबंध तुटलेला नाही. विमानतळासमोरच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे कार्यालय आहे. एखादे उपकरण बंद असताना विमान उडवावे की जमिनीवरच ठेवावे, यासंबंधीचे भारतीय नियम या महासंचालनालयाचेच होत.

बंद उपकरण घेऊन विमान उडते, हे ऐकून वाचक कदाचित दचकेल. परंतु मोठ्या विमानात उपकरणे असंख्य असतात, आणि महत्त्वाची तर दुहेरी वा तिहेरी बसविलेली असतात. प्रत्येक दिवा लागलाच पाहिजे असा हट्ट धरला, तर वाहतूकच थांबेल. मात्र कोणत्या उणिवेसह उडावे हा निर्णय, प्रवासी खोळंबलेले असताना, घाईने करण्याजोगा नव्हे. म्हणून तो आधीच, शांतपणे करून ठेवलेला असतो. त्या लेखी निर्णयांस ‘किमान उपकरण-सूची’ म्हणता येईल. वैमानिक तिला ‘एमईएल’ म्हणतात. विमानाच्या प्रकारासाठी प्रथम एक मूळ सूची मंजूर होते. तिच्या आधारे प्रत्येक कंपनी आपली सूची तयार करते. ती मूळ सूचीहून कडक असू शकते, सैल असू शकत नाही. भारतीय कंपन्यांच्या सूचीस महासंचालनालयाची संमती लागते.

या सूचीचा एक नियम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. उड्डाणाच्या सुरक्षिततेशी संबंधित जी वस्तू सूचीत नाही, ती चालू असलीच पाहिजे. पंखांचा उल्लेख सूचीत नसतो, याचा अर्थ पंख ऐच्छिक आहेत असा नव्हे!

सवलतीला मुदतही असते. बिघाडाची नोंद झाली तो दिवस सोडून ‘ब’ वर्गातील दोष ३ दिवसांत, ‘क’ वर्गातील १० दिवसांत, ‘ड’ वर्गातील १२० दिवसांत दुरुस्त व्हावा लागतो. ‘अ’ वर्गाची मुदत त्या त्या नोंदीत दिलेली असते.

परंतु दोष लहान की मोठा, हे उपकरणाकडे पाहून ठरत नाही. वादळी ढग दाखविणारे रडार बंद असेल, तर निरभ्र आकाशात दिवसा प्रवास होऊ शकेल. जून महिन्यात मुंबईकडे येताना तेच रडार अपरिहार्य ठरते. दोन स्वयंचालकांपैकी एक बिघडला, तर एरवी फारशी अडचण नाही. पण डिसेंबर-जानेवारीच्या दाट धुक्यात दिल्लीस उतरावयाचे असेल, तर तशा स्वयंचलित अवतरणासाठी सामान्यतः दोन्ही लागतात. शिवाय स्वतंत्रपणे क्षम्य असलेले दोन दोष एकत्र आले म्हणजे त्यांचे ओझे दुपटीहून अधिक होऊ शकते. सर्व जोड्यांचा विचार कोणतीही सूची करू शकत नाही. तो वैमानिकालाच करावा लागतो.

आणखी एक अडचण याहून सूक्ष्म आहे. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिद येथे स्पॅनएअर कंपनीचे एमडी-८२ विमान धावपट्टीजवळून परत आले. बाहेरील हवेचे तापमान मोजणाऱ्या शलाकेचा तापक जमिनीवरच तापत होता. तंत्रज्ञांनी त्याचा विद्युत्प्रवाह तोडला. बर्फ धरण्याचा संभव नव्हता, त्यामुळे सूचीनुसार उड्डाणास आडकाठी नव्हती. पुढे वैमानिकांकडून पंखांवरील फ्लॅप उघडावयाचे राहिले, आणि त्याची जाणीव देणारा भोंगा वाजलाच नाही. १७२ जणांपैकी १५४ मृत्युमुखी पडले. तो तापक हवेत असतानाच चालावा, आणि भोंगा जमिनीवर असतानाच वाजावा, अशी योजना असते. दोहोंची मंडले एकाच रिलेतून जात होती. त्या रिलेचा दोष निर्विवाद सिद्ध झाला नाही, हे खरे. तरीही तापक उगाच तापत होता, तो का, हा प्रश्न त्या दिवशी सुटला नव्हता.

सूची परवानगी देते, आज्ञा नव्हे. अभियंता दोषाची नोंद करून बंद उपकरणावर तशी चिठ्ठी लावतो. मुख्य वैमानिक नोंदवही वाचून, हवामान व मार्ग पाहून विमान स्वीकारतो किंवा नाकारतो. सूचीत बसणारे विमानही तो नाकारू शकतो, आणि कंपनीची कितीही निकड असली तरी तो अधिकार त्याचाच राहतो.