निःशब्द क्रीडांगणाचे धुरीण : यूजेन रुबेन्स-अल्के

शिट्टी वाजते आणि शर्यत सुटते. क्रीडासंमेलनात हे दृश्य आपण दरवर्षी पाहतो. परंतु ज्या मुलास ती शिट्टी ऐकूच येत नाही त्याने केव्हा धावावे, हा प्रश्न आपणांपैकी फारच थोड्यांच्या मनात आला असेल. शेजारचे गडी धावू लागलेले पाहून तो निघतो. म्हणजे पहिले पाऊल टाकण्यापूर्वीच तो मागे पडलेला असतो. पाहणारे हळहळतात, “बिचाऱ्यास जमत नाही!” वस्तुतः उणीव त्याच्या पायांत नसते, आमच्या शिट्टीत असते. ही साधी गोष्ट ज्या पुरुषाने जगास पटवून दिली, त्याचे चरित्र विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

यूजेन रुबेन्स-अल्के यांचा जन्म 1884 साली दक्षिण फ्रान्समधील सँ-झाँ-द्यु-गार या डोंगराळ मुलखातील गावी झाला. बालपणीच त्यांची श्रवणशक्ती गेली. सँ-इपोलित-द्यु-फोर येथील बधिरांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले. पुढे यंत्रे दुरुस्त करण्याचा व्यवसाय त्यांनी पत्करला. सायकलीचा त्यांना विलक्षण नाद होता. ना धन, ना मोठ्या घराण्याचा आधार. हाती कसब आणि मनात जिद्द, एवढेच त्यांचे भांडवल.

तो काळ कर्णबधिरांस फार प्रतिकूल होता. 1880 साली इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षणाविषयी एक परिषद भरली. तिचे सभासद जवळजवळ सर्वच ऐकू येणारे होते. मुलांस तोंडी बोलण्यासच शिकवावे, हातांच्या खुणांची भाषा शाळांतून काढून टाकावी, असा ठराव त्यांनी केला. ज्यांच्या भाषेचा निवाडा व्हावयाचा, त्यांना तेथे जवळपास स्थानच नव्हते. या ठरावाचा परिणाम यूरोपातील शाळांवर अनेक वर्षे राहिला. बहिरा मनुष्य म्हणजे जन्मभर दुसऱ्याने हात धरून चालवावयाचा, अशी समजूत समाजात दृढ होती.

या समजुतीस रुबेन्स-अल्के यांनी व्याख्यानांनी उत्तर दिले नाही. त्यांनी मैदान निवडले. 1911 साली त्यांनी पॅरिस येथे कर्णबधिरांचा क्रीडासंघ स्थापन केला. 1914 साली कर्णबधिर खेळाडूंसाठी एक नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी महायुद्धाचा वणवा पेटला; तथापि त्यांचा उद्योग थांबला नाही. 1918 साली फ्रान्समधील कर्णबधिरांच्या क्रीडासंघांचे एक मंडळ उभे राहिले, त्यातही त्यांचाच पुढाकार होता.

1924 साली पॅरिस येथे ऑलिंपिक सामने झाले. ते जुलैअखेर संपले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 10 ते 17 ऑगस्ट या दिवसांत, त्याच शहरी कर्णबधिरांचे पहिले आंतरराष्ट्रीय सामने भरले. नऊ देशांचे 148 खेळाडू जमले. धावणे, पोहणे, सायकल, फुटबॉल, टेनिस व नेमबाजी यांच्या चुरशी झाल्या. आंधळ्यांसाठी वा पंगूंसाठी असे आंतरराष्ट्रीय सामने त्या वेळी कोठेही नव्हते. हा मान प्रथम कर्णबधिरांनीच मिळविला. निरनिराळ्या देशांतील हे लोक परस्परांची बोली जाणत नव्हते, तरी हातांच्या खुणांनी त्यांचे संभाषण चालले. जी भाषा मिलानच्या परिषदेने शाळेबाहेर काढली होती, तिच्यामुळेच हे मैदान बोलके झाले.

याच सामन्यांच्या वेळी कर्णबधिरांच्या क्रीडाप्रकारांची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. रुबेन्स-अल्के तिचे पहिले अध्यक्ष झाले. बेल्जमचे आंत्वान द्रेस हे चिटणीस होते. दोघेही स्वतः कर्णबधिर. आपले काम आपणच चालवावयाचे, हा त्यांचा बाणा होता. पुढे ॲम्स्टरडॅम (1928), न्युरेंबर्ग (1931), लंडन (1935) व स्टॉकहोम (1939) येथे सामने झाले. दुसऱ्या महायुद्धाने दहा वर्षे खंड पडला. परंतु 1949 साली कोपनहेगन येथे ते पुन्हा भरले. 1953 पर्यंत रुबेन्स-अल्के यांनी अध्यक्षपद सांभाळले. 1955 साली ऑलिंपिक समितीने या संस्थेस मान्यता दिली. 1963 साली ते निवर्तले, तेव्हा त्यांनी लावलेल्या रोपाचा वृक्ष झाला होता. 2001 पासून हे सामने ‘डेफलिंपिक्स’ या नावाने ओळखले जातात.

या सामन्यांतील खेळांचे नियम बहुतांशी आपल्याच खेळांचे आहेत. भेद एवढाच, की जेथे कानाने समजावयाचे तेथे डोळ्याने समजण्याची सोय केलेली असते. शर्यत सुटताना दिवा चमकतो. पंच निशाण हालवितो. ज्याच्या बऱ्या कानासही 55 डेसिबलपर्यंतचा आवाज ऐकू येत नाही, अशासच भाग घेता येतो, आणि श्रवणयंत्र काढून ठेवूनच मैदानात उतरावे लागते. अशाने सर्व खेळाडू एकाच पायरीवर येतात. येथे दयेने कोणी कोणास पुढे जाऊ देत नाही. जो जिंकतो तो आपल्या बळावर जिंकतो.

आमचा देश या सामन्यांत 1965 साली वॉशिंग्टन येथे प्रथम उतरला. 2022 च्या मे महिन्यात ब्राझीलमधील सामन्यांत भारताने 16 पदके मिळविली, आणि 2025 च्या नोव्हेंबरात टोकियो येथे 20. टोकियोस प्रांजली धुमाळ या नेमबाज युवतीने 25 मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. बंदुकीचा बार जिला ऐकू येत नाही, तिचा नेम चुकत नाही, हे आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावे.

आता आपल्या सोलापुराकडे वळू. आपल्या पेठांत, वस्त्यांत व आसपासच्या खेड्यांत अशी मुले आहेत. त्यांना ‘मुका’ म्हणून हाक मारतात. वास्तविक त्यांच्या कंठात आवाज असतो, केवळ कानांनी ऐकला नाही म्हणून शब्द घडलेला नसतो. खो-खोचा खेळ पाहा. बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप पडते आणि ‘खो’ असा शब्दही येतो. बहिऱ्या गड्यास शब्द नाही मिळाला तरी थाप मिळते. त्याने त्याचे भागते. हुतुतूत दमाचा उच्चार लागतो, तेथे पंचांनी आधी खूण ठरवून घ्यावी. शिट्टीबरोबर एक लाल रुमाल हालविण्यास किती खर्च येतो? एवढ्या रुमालाने एक मूल मैदानाच्या कडेवरून मैदानात येते.

पालकांस आमची विनंती आहे. घरात असे मूल असेल तर लाजेने वा भयाने त्यास कोंडून ठेवू नये. हाक ऐकू येत नाही म्हणून रस्त्यावर धोका आहे खरा. पण त्यावर उपाय डोळ्यांनी सावध राहण्यास शिकविणे हा आहे, उंबऱ्याआड बसविणे हा नव्हे. त्यास लवकर शाळेत घालावे व त्याच्या खुणा घरातील सर्वांनी शिकाव्या. आमच्या देशातही ही सोय नवी नाही. मुंबईत बधिरांची शाळा एका ख्रिस्ती धर्माध्यक्षाने एकोणिसाव्या शतकातच काढली होती.

आणि विद्यार्थिमित्रहो, बहिऱ्यास अपशब्द बोलू नयेत अशी पवित्र शास्त्राची आज्ञा आहे. ज्यास ऐकू येत नाही त्याची पाठीमागे निंदा करणे सर्वांत सोपे, म्हणूनच ते सर्वांत हीन होय. येत्या क्रीडादिनी रेघेवर उभे राहाल तेव्हा आपल्या शेजारी कोण उभा आहे हे पाहा. त्यास शिट्टी ऐकू येत नसेल तर पंचांस रुमाल घेण्यास सांगा, आणि मग जिवाच्या करारावर धावा. तो तुमच्यापुढे गेला तर टाळ्या अवश्य वाजवा. मात्र त्यास ऐकू जावयाच्या नाहीत, म्हणून दोन्ही हात उंच करून हालवा. त्या टाळ्या त्यास दिसतील.