पहाटेची कळ

सकाळी जाग येताच छातीत दुखू लागले की मराठी घरांत त्या दुखण्याला बहुधा ‘गॅस धरला’, ‘पित्त खवळले’ किंवा ‘बरगडीत उसण भरली’ यांपैकी एक नाव मिळते, आणि ओव्याची चिमूट, सोडा किंवा बाम यांवर त्याची बोळवण होते. ही नावे सर्वस्वी चुकीची असतात असे म्हणता येत नाही, कारण छातीत दुखण्याची पुष्कळशी कारणे खरोखरच हृदयाबाहेरची असतात. अडचण एवढीच की नाव आधी ठरते आणि विचारपूस मागाहून होते, किंवा होतच नाही. दुखणे नेमके किती वाजता सुरू झाले, त्या वेळी माणूस आडवा होता की उठून चालू लागला होता, कूस बदलल्याने किंवा खोल श्वास घेतल्याने त्यात फरक पडला का, आदल्या रात्री जेवण केव्हा झाले, या साध्या तपशिलांत कारणाचा माग असतो, आणि पहाटेची वेळ हा त्यांतला सर्वांत बोलका तपशील आहे.

दुखण्याची जागा मात्र फारशी भरवशाची साक्षीदार नाही. हृदय आणि अन्ननलिका यांच्या संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू पाठीच्या मज्जारज्जूत जवळजवळ एकाच पातळीवर येऊन मिळतात, तेथेच हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेचे काही तंतूही येतात, आणि त्यामुळे आलेला निरोप नेमका कोणाकडून आला हे मेंदूला नीट उमगत नाही. हृदयाचे दुखणे जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात जाणवते ते याच कारणाने. वैद्यकात त्याला संदर्भित वेदना, म्हणजे उगम एकीकडे आणि जाणीव दुसरीकडे अशी वेदना, असे म्हणतात.

हृदयशूळाचे, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरे पडल्याने होणाऱ्या दुखण्याचे, अभिजात वर्णन इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या वैद्यसभेपुढे वाचले आणि १७७२ मध्ये ते छापून आले. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होते आणि थांबताच बरे वाटते, हे त्या वर्णनाचे सार सर्वश्रुत आहे; मात्र आजार जुना झाला की हे दुखणे आडवे पडल्यावरही येते आणि रोग्याला महिनोन् महिने रात्री अंथरुणातून उठवते, हेही हेबर्डन यांनी नोंदवून ठेवले होते, आणि वाचकांच्या स्मरणात तो भाग क्वचितच राहतो.

पहाट आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनिशी पुढे येण्यास आणखी दोन शतके लागली. जेम्स म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवले की हृदयविकाराचे झटके दिवसभरात समप्रमाणात विखुरलेले नसतात, सकाळी ६ ते दुपारी १२ या वेळेत ते अधिक येतात, आणि सकाळी ९च्या सुमाराची वारंवारता रात्री ११च्या मानाने सुमारे तिप्पट असते. याची कारणे शरीराच्या घड्याळात आहेत. जाग येण्यापूर्वीच कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात वाढू लागते. माणूस उठून उभा राहिला की अ‍ॅड्रिनॅलिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, आणि रात्रभर मंद चाललेल्या हृदयाची प्राणवायूची मागणी थोड्या अवधीत पुष्कळ वाढते. याच वेळी रक्तवाहिन्या अधिक आखडलेल्या असतात, रक्तबिंबिका, म्हणजे गुठळी बांधणाऱ्या सूक्ष्म पेशी, एकमेकींना अधिक सहज चिकटतात, आणि झालेली गुठळी विरघळवण्याची रक्ताची नैसर्गिक शक्ती सकाळीच सर्वांत क्षीण असते. मागणी वाढावी आणि पुरवठ्याची वाट त्याच घटकेला अरुंद व्हावी, असा हा योग आहे. त्यात शौचास बसून कुंथणे, थंड पाण्याने अंघोळ आणि तंबाखू यांची भर पडते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावण्याची सवय आहे, आणि भाजलेल्या तंबाखूतील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात जाऊन नाडी आणि रक्तदाब नेमका याच नाजूक वेळी वाढवते. दातांच्या स्वच्छतेच्या नावाखाली चाललेल्या या प्रकाराचा हृदयाशी संबंध फारसा कोणी जोडत नाही.

उठण्याच्या आधीच, म्हणजे मध्यरात्र ते पहाट या वेळेत, पूर्ण विश्रांतीत असताना येणाऱ्या हृदयशूळाचा एक निराळा प्रकार अमेरिकन हृदयतज्ज्ञ मायरन प्रिंझमेटल आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये वर्णिला. यात हृदयाला रक्त पुरवणारी धमनी मेदाच्या थरांनी बुजलेली असेलच असे नाही. तिच्या भिंतीतील स्नायू अचानक पेटका यावा तसे आखडतात, वाट काही मिनिटे मिटते आणि पुन्हा मोकळी होते. असा माणूस दिवसा जिने सहज चढतो, त्याची श्रमचाचणी निर्दोष निघू शकते, आणि पहाटेच्या तक्रारीवर घरच्यांचा विश्वास बसत नाही. धूम्रपान हे या प्रकाराचे ठळक निमित्त आहे. उपचारही थोडा वेगळा असतो: कॅल्शियमचा पेशींतील प्रवेश रोखून धमनी सैल करणारी औषधे येथे गुणकारी ठरतात, तर नेहमीच्या हृदयशूळात दिली जाणारी बीटा-रोधक वर्गातील काही औषधे येथे आकुंचन वाढवू शकतात.

आता पित्ताकडे वळता येईल, कारण सकाळच्या छातीदुखीत त्याचा वाटा मोठा आहे. जठर आणि अन्ननलिका यांच्यामध्ये स्नायूंची एक गोल झडप असते आणि ती ढिली पडली की जठरातील आम्ल वर येते. जागेपणी माणूस वारंवार लाळ गिळत असतो, ती लाळ आम्ल धुऊन काढते आणि उभ्या शरीरात गुरुत्वाकर्षणही मदत करते. झोपेत लाळ आटते, गिळण्याची क्रिया जवळजवळ थांबते आणि शरीर आडवे असते, त्यामुळे वर आलेले आम्ल अन्ननलिकेच्या अस्तराला दीर्घकाळ भाजत राहते. रात्री साडेदहाला भरपेट जेवून अकराला अंथरुणावर पडणाऱ्यांना पहाटे छातीच्या मधल्या हाडामागे आग होणे, घशाशी आंबट येणे, आवाज बसणे किंवा कोरडा खोकला लागणे हे त्याचेच परिणाम असतात. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवणे, पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा देऊन ती बाजू वीतभर उंच करणे (नुसत्या उशा वाढवल्याने कमरेत वाकून पोटावर दाब वाढतो), आणि डाव्या कुशीवर झोपणे यांचा उपयोग होतो. डाव्या कुशीवर जठराचा फुगीर भाग झडपेच्या खाली राहतो, तर उजव्या कुशीवर आम्ल थेट झडपेशी जमते. वामकुक्षी या शब्दात डावी कूस सांगणाऱ्यांना झडपेची रचना ठाऊक नसावी, पण कूस त्यांनी योग्य निवडली होती.

अन्ननलिकेचेच आणखी एक कारण सहसा ध्यानात येत नाही, ते म्हणजे निजताना घोटभर पाण्याबरोबर, किंवा पाण्याविनाच, गिळलेली गोळी. डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक, लोहाच्या गोळ्या किंवा वेदनाशामके अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटून तेथेच विरघळली तर व्रण होतो, आणि सकाळी चहाचा पहिला घोट गिळताना छातीत कळ येते. पेलाभर पाणी पिऊन थोडा वेळ ताठ बसणे एवढाच त्यावर प्रतिबंध आहे.

बरगड्या आणि छातीचे मधले हाड यांना जोडणाऱ्या कूर्चांचा दाह हे उसण या नावाखाली मोडणारे मुख्य कारण होय. रात्रभर एका कुशीवर किंवा पालथे झोपल्याने, आदल्या दिवशी वजन उचलल्याने किंवा खोकल्याच्या उबळींनी हे सांधे दुखावतात. दुखणारी जागा एका बोटाने दाखवता येते, तेथे दाबले की तीच कळ पुन्हा उठते आणि कूस बदलताना ती वाढते. दाबून दुखते म्हणून हृदय निर्दोष, असा उलटा निष्कर्ष मात्र काढता येत नाही, कारण एकाच माणसाला दोन्ही दुखणी असू शकतात.

काही कारणे येथे ओझरतीच सांगता येतात. आडवे पडताच वाढणारे आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारे दुखणे हृदयावरणाच्या दाहाकडे बोट दाखवते. मोठ्याने घोरणाऱ्याचा श्वास झोपेत वारंवार अडत असेल तर रक्तातील प्राणवायू घटून हृदयावर ताण येतो. छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन काही दिवसांनी तेथे पुरळ उठले तर ती नागीण असते. आणि झोपेतून दचकून उठवणारा भीतीचा झटका हृदयविकाराची हुबेहूब नक्कल करतो. दीर्घ अंथरुणवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर एकाएकी धाप लागून श्वासागणिक छातीत कळ येऊ लागली तर फुफ्फुसात गुठळी अडकल्याची शंका घ्यावी लागते, आणि तेथे क्षणाचाही विलंब परवडत नाही.

घरगुती परीक्षांवर किती विसंबावे, हा प्रश्न म्हणूनच कळीचा आहे. सोडा घेऊन ढेकर आली आणि बरे वाटले, म्हणजे गॅसच होता असे ठरत नाही, कारण हृदयशूळही काही मिनिटांत आपसूक ओसरतो. आणि जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटच्या गोळीने आराम पडला म्हणजे हृदयच दोषी असेही ठरत नाही, कारण ती गोळी अन्ननलिकेचा आचकाही सोडवते. ही गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून तोंडात टाकणे धोक्याचेही असते, कारण तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. मधुमेही आणि वयस्क माणसांत, तसेच स्त्रियांमध्ये, झटका छातीत न दुखता केवळ धाप, मळमळ, दरदरून घाम किंवा हातपाय गळणे या रूपाने येण्याचा संभव अधिक असतो.

दुखणे दाब दिल्यासारखे असून पंधरा-वीस मिनिटांत ओसरत नसेल, किंवा त्याबरोबर घाम, धाप अथवा जबड्यात वा हातात कळ असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे आणि स्वतः दुचाकी काढून निघण्याचा मोह टाळणे हाच मार्ग आहे. अ‍ॅस्पिरिन वर्ज्य नसेल तर वाटेतच ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात. रुग्णालयात पोहोचताच दहा मिनिटांच्या आत हृदयालेख, म्हणजे ईसीजी, काढला जावा असा दंडक आहे. पण पहिला आलेख निर्दोष असूनही झटका आलेला असू शकतो, म्हणून तो पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणाऱ्या ट्रोपोनिन या प्रथिनाचे मोजमाप काही तासांच्या अंतराने करतात. दुखणे रोज पहाटेच येऊन दवाखाना उघडेपर्यंत मावळत असेल, तर मूठभर आकाराचे होल्टर हे यंत्र चोवीस तास छातीला जोडून रुग्णाला घरी पाठवतात, आणि पहाटे चारला हृदयात काय घडले ते दुसऱ्या दिवशी त्याच्या नोंदींत वाचता येते.