नव्या वर्षाचा नेम

वाचकहो, आपल्याकडे नवे वर्ष वर्षातून एकदाच येते असे थोडेच आहे! हुरड्याच्या दिवसांत इंग्रजी वर्ष सुरू होते. चैत्रात गुढीपाडवा येतो. त्या दिवशी सालगड्याचे नवे साल धरले जाते. मृग लागला की शेतकऱ्याचे वर्ष उजाडते, आणि त्याच सुमारास शाळेची घंटा वाजून मास्तरांचेही वर्ष सुरू होते. शेवटी दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतो. म्हणजे मनात आणले तर नवी सुरुवात करण्याची संधी आपल्याला वर्षातून पाच वेळा मिळते. गंमत अशी की, केलेला संकल्प मोडण्याचीही संधी पाचच वेळा मिळते, आणि ती मात्र आपण सहसा वाया घालवीत नाही.

मी कॉलेजात शिकवतो. चाळिशी उलटल्यावर एका १ जानेवारीला नव्या डायरीच्या पहिल्या पानावर मी एकदम अकरा संकल्प लिहिले. पहाटे उठणे, व्यायाम करणे, गोड सोडणे, भरपूर वाचणे, पैसे शिल्लक टाकणे, असे एकाखाली एक. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर गोड सोडण्याचा संकल्प विरघळला, आणि बाकीचे दहा त्याच्या मागोमाग निघून गेले. त्याच उन्हाळ्यात डोके दुखते म्हणून तपासायला गेलो, तर रक्तदाब निघाला १६० वर १००. डॉक्टर म्हणाले, "सर, गोळी मी देतो. पण चालायचं तुम्हालाच आहे."

त्या दिवशी घरी येऊन डायरीचे ते पान पुन्हा काढले. मी काही आळशी माणूस नव्हे. वर्गावर जायला मला कधी उशीर होत नाही. दुसऱ्याला दिलेला शब्द सहसा मोडत नाही. मग स्वतःला दिलेला शब्दच पंधरा दिवसांत का मोडावा? याचे उत्तर मला पुढे एका घरच्या पूजेत सापडले.

सत्यनारायणाच्या पूजेला आपण बसतो तेव्हा गुरुजी आधी संकल्प सांगतात. तो आपण कधी नीट ऐकतो का? त्यात प्रथम ठिकाण येते. पैठणला असाल तर गोदावरीच्या उत्तर तीरावर, नदी ओलांडून बीडकडे गेलात तर दक्षिण तीरावर. मग काळ येतो: संवत्सर, महिना, पक्ष, तिथी, वार. मग करणाऱ्याचे गोत्र आणि नाव. मग कशासाठी, आणि सर्वांत शेवटी काय करणार ते. एवढे सगळे उच्चारल्यावर हातावरचे पाणी ताम्हनात सोडायचे. आणि माझ्या डायरीत काय होते? "या वर्षी व्यायाम करणे." कुठे? केव्हा? कोणी? कशासाठी? एकाचाही पत्ता नाही! तो संकल्प नव्हताच, ती नुसती इच्छा होती. म्हणून संकल्पाचे पाणी सोडण्याऐवजी मी संकल्पावरच पाणी सोडले.

पूजेवर श्रद्धा असो वा नसो, या रचनेत मोठे शहाणपण आहे. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली हाच मुद्दा वेगळ्या वाटेने मांडला. "मी अमुक करीन" एवढेच ठरवणाऱ्यापेक्षा "अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक रीतीने करीन" असे ठरवणाऱ्याच्या हातून ते काम होण्याचा संभव अधिक असतो. कारण उघड आहे. वेळ आणि जागा ठरलेली असली की रोज सकाळी मनाशी वाद घालावा लागत नाही. आणि त्या वादात मन आपल्याला हटकून हरवते.

तेव्हा नव्या वर्षाचा नेम धरताना ठिकाण, वेळ, माणूस, कारण आणि काम या पाच गोष्टी एकेक करून पाहू.

पहिले, ठिकाण आणि वेळ. "सकाळी फिरायला जाईन" असे म्हणू नका. "दूध घालून आलो की मारुतीच्या पारापासून ओढ्याच्या पुलापर्यंत जाऊन येईन" असे म्हणा. रोज घडणाऱ्या एखाद्या कामाच्या शेपटीला नवा नेम बांधला म्हणजे तो त्याच्याबरोबर ओढला जातो. शिक्षक मित्र शाळा सुटल्यावर गाडीला किल्ली लावण्याआधी मैदानाला दहा फेऱ्या मारू शकतात. मी स्वतः आमच्या शहरातली गोगाबाबा टेकडी निवडली. पहाटेचा चहा झाला की पायांत बूट, एवढेच ठरवले.

दुसरे, माणूस. नेम कोणाचा, हे पाहिल्याशिवाय तो सांगणे म्हणजे सर्वांना एकाच मापाचा अंगरखा शिवणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे: प्रौढ माणसाने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. दीडशे मिनिटे म्हणजे अर्ध्या तासाप्रमाणे आठवड्यातले पाच दिवस. चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग असला की तो मध्यम श्रम समजावा.

आता कोणी विचारील, "आम्ही दिवसभर रानात राबतो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?" बरोबर आहे. शेतातले कष्टही या हिशेबात धरले जातात. दिवसभर खुरपणी करून आल्यावर चूल आणि भांडी उरकणाऱ्या बाईला फिरायला जा म्हणणे ही थट्टा झाली. तिचा नेम वेगळा हवा: रात्री पुरती झोप, सर्वांबरोबर ताटात भाजी-डाळ, आणि आरोग्य केंद्रात जाऊन एकदा रक्तातले हिमोग्लोबिन तपासून घेणे. आणि हा नेम तिने एकटीने पाळून भागणार नाही; घरातल्या पुरुषांनी भांड्यांना हात लावला तरच तो पाळला जाईल.

पण सगळेच राबतात का, हेही प्रामाणिकपणे पाहावे. पूर्वी औतामागे चालणारा शेतकरी आज अनेक ठिकाणी ट्रॅक्टरवर बसून नांगरतो. शेत अर्ध्या कोसावर असले तरी फटफटी लागते. आम्हा शिक्षकांचा तर दिवस खुर्चीत आणि संध्याकाळ मोबाइलपुढे जाते. अंगावरचे कष्ट कमी झाले ही आनंदाचीच गोष्ट; पण जेवण मात्र आजोबांच्याच मापाचे राहिले. अशा माणसाने चालण्याचा नेम अवश्य धरावा.

तिसरे, कारण. व्यायाम का करायचा? "तब्येत चांगली राहावी म्हणून" हे उत्तर फार गुळगुळीत आहे, ते हातात राहत नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर तो वाढलेला समजतात. बहुतेकांना त्याने काहीच दुखत नाही, हीच त्यातली मोठी फसवणूक. दुखत नाही म्हणून माणूस तपासत नाही, आणि एक दिवस अर्धांगवायूचा झटका येतो. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की दवाखान्यासाठी कर्ज होते, शेत विकायला निघते, मुलीचे शिक्षण थांबते. म्हणून कारण लिहायचे ते असे लिहावे: "धाकटीचे कॉलेज पूर्ण होईपर्यंत मला माझ्या पायांवर उभे राहायचे आहे." असे वाक्य पावसाळ्यातल्या पहाटेही माणसाला उठवते. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: चालणे सुरू केले म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही.

चौथे, काम, आणि ते किती. इथे आपल्याच मराठवाड्यातले एक उदाहरण सांगतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथल्या शेतकरी घरात १९९४ साली जन्मलेला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला आणि २०१५ च्या सुमारास, म्हणजे विशीनंतर, शर्यतीच्या धावण्याकडे वळला. त्याची शर्यत ३००० मीटरची. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने ती ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पूर्ण केली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्या वर्षी पतियाळाला वेळ आली ८ मिनिटे २८.९४ सेकंद. पुरता एक सेकंदही कमी झाला नाही! पण तो थांबला नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२, २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० आणि रौप्यपदक, सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या शंभरातल्या पाच भागांनी. २०२३ साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद. सहा वर्षांचा हिशेब करा: सगळे मिळून वीस सेकंदांहूनही थोडे कमीच. पण एकेका सेकंदाने कमावलेल्या या वीस सेकंदांनी मांडव्याचे पोर जगाच्या रांगेत नेऊन उभे केले.

आपल्याला काही विक्रम करायचे नाहीत. पण रीत तीच आहे. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे चाला. दुसऱ्यात पंधरा. महिन्याने अर्धा तास. पहिल्याच दिवशी शंभर सूर्यनमस्कार घालणारा दुसऱ्या दिवशी कण्हत पडतो आणि तिसऱ्या दिवशी नेम सोडतो. बारा नमस्कारांपासून सुरुवात करणारा पुढे जातो. छातीत दुखणे, चालताना धाप लागणे असा त्रास असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शरीराचे जे, तेच आयुष्याच्या इतर हेतूंचे. "खूप वाचीन" यापेक्षा "रात्री जेवणानंतर दहा पाने" हा नेम बरा. दहा पाने काहीच नव्हेत. पण वर्षाची ३,६५० पाने होतात, म्हणजे अडीचशे पानांची चौदा पुस्तके. "पैसे साठवीन" यापेक्षा "रोज वीस रुपये डब्यात" हे बरे. वर्षाअखेर ७,३०० रुपये होतात, आणि पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या पिशव्यांसाठी तेवढे तरी उसने मागावे लागत नाहीत. मात्र अकरा नेम एकदम धरू नका. एक शरीराचा आणि एक संसाराचा, एवढे दोन पुरेत.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. नेम मोडला तर? आणि तो मोडणारच. पाहुणे येतात, पाऊस लागतो, सुगी येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक पाहणी केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. शेजाऱ्याचे जमले आणि माझे नाही, म्हणून खचू नये. आणि मधला एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही, हे त्या पाहणीतले दुसरे मोलाचे निरीक्षण. माझ्या अकरा संकल्पांचा घात तिळगुळाच्या वडीने केला नव्हता. "आता मोडलाच आहे, तर जाऊ दे" या वाक्याने केला होता. म्हणून नियम एवढाच ठेवा: एक दिवस चुकला तर चुकू द्या, लागोपाठ दुसरा चुकवायचा नाही.

आपल्या लोकांना नेम पाळता येत नाही असे मात्र म्हणू नका. आमची आई चातुर्मासाचा नेम धरी तो चार महिने निभावी. शेजारचा मुसलमान मित्र उन्हाळ्यातसुद्धा महिनाभर रोजे धरतो. बौद्ध वस्तीत वर्षावासाचे तीन महिने नित्य वाचन चालते. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरीला चालत जाणारे साठीतले म्हातारे आपण पाहतोच. यांना कसे जमते? कारण त्या नेमाला सुरुवात आहे, शेवट आहे, ठरलेली वेळ आहे आणि सोबत आहे. एकट्याचा नेम लवकर थकतो. म्हणून चालायला एक सोबती गाठा. गुरुजींनी वर्गात एक तक्ता लावावा. प्रत्येक मुलाने आपल्या आवडीचा एकच छोटा नेम सांगावा आणि पाळला त्या दिवशी तिथे खूण करावी. चुकलेल्या दिवसाला शिक्षा नको. मात्र गुरुजींचे स्वतःचे नावही त्या तक्त्यावर हवे, बरं का!

तेव्हा वाचकहो, आज रात्री एक कागद घ्या. त्यावर कुठे, केव्हा, कोण, कशासाठी आणि किती, एवढ्या पाच ओळी लिहा. घरात कॅलेंडर टांगलेले असते त्याच्या शेजारी तो चिकटवा, आणि घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. पाडव्याची वाट पाहायचे कारण नाही. ज्या दिवशी सुरुवात होईल तो पाडवाच.

माझे विचाराल तर गोळी चालू आहे आणि चालणेही चालू आहे. परवा तपासले तेव्हा रक्तदाब होता १२८ वर ८२. मधल्या काळात कित्येक दिवस चुकले; पण टेकडीचा रस्ता काही सुटला नाही.