दरवेश्याच्या हातची दोरी

दरवेशी अस्वल घेऊन गावात आला की मुलांची झुंबड उडत असे, हे दृश्य आज पन्नाशी ओलांडलेल्या पुष्कळांच्या स्मरणात असेल. डमरू वाजे, दोरीला हिसका बसे आणि ते काळेभोर, झुपकेदार जनावर मागल्या दोन पायांवर उभे राहून डुलू लागे. बायाबापड्या त्याचे केस मागून घेत आणि ताइतात घालून मुलांच्या गळ्यात बांधीत. त्या दोरीचे दुसरे टोक कोठे गेले आहे, हे मात्र सहसा कोणी निरखून पाहत नसे.

ते टोक अस्वलाच्या नाकाडातून गेलेले असे. आईला मारून पिल्लू पळवायचे, ते थोडे मोठे होताच तापलेल्या सुईने त्याचे नाकाड टोचायचे, त्यातून दोर ओवायचा, सुळे मोडायचे, नख्या छाटायच्या, असा तो शिक्षणक्रम होता. आम्ही ज्याला नाच म्हणत होतो, ती वेदना चुकविण्याची धडपड होती.

चवथीच्या रात्री चंद्र दृष्टीस पडला तर स्यमंतक मण्याची कथा ऐकण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. त्या कथेतील जांबवंत श्रीकृष्णाशी झुंजतो आणि अखेर आपली कन्या त्याला देतो. हाच जांबवंत समुद्रतीरी हनुमंताला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून देणारा वृद्ध मंत्री. कथेत ज्याला मंत्रिपद दिले, त्याच्याच वंशाच्या नाकात आपण वेसण घालू दिली, ही विसंगती लाजिरवाणी होय.

वस्तुतः हा प्राणी मोठा विलक्षण आहे. छातीवर पांढरट पट्टा, अंगभर लांब राठ केस आणि वाकड्या, लांबलचक नख्या. या नख्या पाहूनच १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याची गणना दक्षिण अमेरिकेतील स्लॉथ या झाडावर लोंबकळणाऱ्या आळशी प्राण्यात केली. पुढे चूक उमगली, पण इंग्रजी नावात ती आजही टिकून आहे. अस्वलाचे मुख्य अन्न वाळवी. वारूळ उकरायचे, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटून घ्यायच्या आणि ओठांची नळी करून वाळवी ओढून घ्यायची! वरच्या जबड्यातील मधले दोन दात निसर्गाने त्यासाठीच जणू गाळले आहेत. दृष्टी अधू, पण नाक असे तीक्ष्ण की जमिनीखालच्या किड्यांचाही माग लागावा. पिल्लांना पाठीवर बसवून हिंडणारी ही एकमेव अस्वलजात. अशा प्राण्याचे नाकच भोसकणे म्हणजे त्याचे सारे जग हिरावून घेणे होय.

कायदा यापूर्वीच झाला होता. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वलांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तरीही डमरू वाजतच राहिला. कारण दोरीच्या एका टोकाला अस्वल होते, तसे दुसऱ्या टोकाला उपाशी कुटुंब होते. हा खेळ करणारे कलंदर पिढ्यान्पिढ्या त्यावरच जगत. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांच्या ‘वाइल्डलाइफ एसओएस’ या संस्थेने ही गाठ ओळखली. अस्वल स्वाधीन करणाऱ्याला तिने दुसऱ्या धंद्यासाठी साहाय्य दिले, त्याच्या मुलांना शाळेची वाट दाखविली आणि आग्र्यासारख्या ठिकाणी अस्वलांना आसरा दिला. सहाशेहून अधिक अस्वले अशी सुटली आणि २००९ च्या डिसेंबरात अखेरचे मानले गेलेले नाचरे अस्वल बन्नेरघट्टा येथील निवाऱ्यात पोहोचले. सदतीस वर्षांत नुसत्या कलमांना जे साधले नाही, ते कलमांना भाकरीची जोड मिळताच साधले.

हा धडा गोमंतकाने गिरविण्यासारखा आहे. मोले, म्हादई, नेत्रावळी या अभयारण्यांत आजही अस्वलांचा वावर आहे आणि त्यांच्याच कडेला आपल्या लोकांची कुळागरे व काजूबागा आहेत. वारुळात तोंड खुपसलेल्या अस्वलाला माणसाची चाहूल लागत नाही, आणि माणूस अगदी जवळ आला की ते बिथरून अंगावर येते. वाघाच्या राज्यात पळण्यापेक्षा उभे ठाकणेच त्याला जगवीत आले आहे. यास्तव पहाटे व तिन्हीसांजेला रानात एकट्याने जाऊ नये, जाताना आवाज करीत जावे, हे शहाणपण घरोघर पोहोचविले पाहिजे. तथापि ज्याला बोंडू वेचल्यावाचून चूल पेटविता येत नाही, त्याला नुसता उपदेश पुरणार नाही. जखमीला तत्काळ उपचार आणि विनाविलंब भरपाई मिळाली, तरच रानाकाठचा माणूस अस्वलाचा शेजार सोसेल.

अस्वलाच्या नाकातील दोरी सुटली, ती दरवेश्याची मूठ प्रेमाने उघडली म्हणून. आता त्याच्या रानाभोवती खाणी, रस्ते आणि तारा यांचा नवा फास पडू पाहत आहे. तो आवळणारे हात दरवेश्याचे नाहीत. ते तुमचे-आमचे आहेत, आणि आपल्याला उपाशीपोटाची सबबही सांगता येणार नाही.