पुएर्तो व्हिएहो: खावे कोठे, घ्यावे काय, हिंडावे कसे

परक्या गावात उतरलेल्या प्रवाशाला तीन प्रश्न हटकून पडतात. खावे कोठे, विकत काय घ्यावे आणि पाहावे काय? विद्वान मंडळी या प्रश्नांना प्रवासाची हलकी बाजू समजतात. आमचे मत निराळे आहे. समुद्रकाठच्या लहान गावात पाहुणा कोणाच्या हातचे जेवतो आणि कोणाकडून वस्तू घेतो, यावर त्या गावच्या जुन्या माणसांचे तेथे टिकून राहणे पुष्कळसे अवलंबून असते. हे विधान एका प्रत्यक्ष गावाच्या आधाराने तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशाला दोन समुद्र आहेत. पश्चिमेस पॅसिफिक महासागर आणि पूर्वेस कॅरिबियन समुद्र. या पूर्व किनाऱ्यावर लिमोन हे बंदराचे शहर आहे. तेथून दक्षिणेस पनामाच्या सरहद्दीकडे निघाले की साठेक किलोमीटरवर पुएर्तो व्हिएहो लागते. त्याच्या अलीकडे सुमारे सोळा किलोमीटरवर कावीता हे त्याचे भावंड शोभणारे गाव आहे. मागे तालामांकाचे डोंगर, पुढे प्रवाळाच्या खडकांनी अडवलेला समुद्र आणि मध्ये नारळ, केळी व कोकोची झाडे. आपल्या कोकणच्या माणसाला हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

पुएर्तो व्हिएहो याचा अर्थ 'जुने बंदर'. पण हे स्पॅनिश नाव मागाहून आलेले आहे. येथील जुनी माणसे गावाला त्याच अर्थाच्या इंग्रजी नावाने, 'ओल्ड हार्बर' म्हणून ओळखत. स्पॅनिश बोलणाऱ्या देशात इंग्रजी नावाचे गाव कसे आले? या एका प्रश्नात गावाचा सारा इतिहास आहे, आणि तो समजल्यावाचून तेथील जेवणही नीट समजत नाही.

डोंगरातील मूळ रहिवासी म्हणजे ब्रिब्री आणि काबेकार हे आदिवासी लोक. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पनामाच्या बाजूने कासवे धरणारे कृष्णवर्णी कोळी हंगामापुरते या किनाऱ्यावर येऊ लागले. त्यांपैकी विल्यम स्मिथ हा १८२८ साली कावीता येथे कायमचा राहिला, असे सांगतात. पुढे १८७१ मध्ये राजधानी सान होसे ते लिमोन हा लोहमार्ग बांधावयास घेतला गेला. तो पुरा होण्यास १८९० साल उजाडले. या कामासाठी जमैका बेटावरून हजारो मजूर आणले गेले. लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा उठल्या आणि १८९९ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनी स्थापन झाली. मजूर येथेच राहिले. त्यांची भाषा इंग्रजी वळणाची, धर्म बहुधा प्रॉटेस्टंट आणि स्वयंपाक जमैकाचा. मात्र देशाने त्यांना आपले मानले नाही. १९३४ च्या करारात तर पॅसिफिक बाजूच्या केळीबागांत काळ्या मजुरांना काम देण्यास मनाई करण्यात आली. १९४८ च्या यादवी युद्धानंतर कोठे त्यांच्या मुलाबाळांना नागरिकत्वाची वाट मोकळी झाली.

एवढी पार्श्वभूमी ध्यानी घेऊन आता पानावर बसू. आधी पोटोबा मग विठोबा, ही म्हण येथे शब्दशः पाळणे बरे.

कोस्टा रिकात साध्या खाणावळीला 'सोडा' म्हणतात. चार टेबले, मागे चूल आणि बहुधा घरचीच बाई स्वयंपाकाला. देशाच्या इतर भागांत अशा ठिकाणी 'कासादो' मिळतो. भात, काळ्या घेवड्याची उसळ, कोशिंबीर, तळलेले पिकले केळे आणि मासळी किंवा मांस असे ते भरलेले ताट असते. आपल्याकडील राइस-प्लेटसारखाच हा प्रकार. पण कॅरिबियन बाजूला आल्यावर मागावयाचा पदार्थ निराळा. त्याचे नाव इंग्रजीतच 'राइस अँड बीन्स' असे आहे. तांदूळ आणि घेवड्याचे दाणे नारळाच्या दुधात शिजवतात. त्यात थाईम नावाची सुगंधी पाने घालतात आणि एक अख्खी पनामा मिरची वर ठेवतात. मिरची फुटू द्यावयाची नाही, केवळ तिचा वास उतरू द्यावयाचा, हे त्यातले मर्म. डोंगरावरच्या शहरांत न्याहारीला मिळणारा 'गायो पिंतो' हाही भात व घेवड्याचाच पदार्थ असतो, पण त्यात नारळ नसतो. नारळ आला की समजावे, आपण लिमोन प्रांतात आलो. हा पदार्थ मूळचा रविवारचा. म्हणून रविवारी दुपारी तो अवश्य खावा.

दुसरा पदार्थ 'रोन्दोन'. नारळाच्या दुधात मासळी, सुरण-कोनफळासारखे कंद, कसावा, कच्ची केळी आणि नीरफणस एकत्र मंद आचेवर शिजवून केलेला हा दाट रस्सा. याचे नाव 'रन डाउन' या इंग्रजी शब्दांवरून पडले. स्वयंपाकिणीला त्या दिवशी जे काही धुंडाळून आणता येईल ते त्यात पडते, अशी या नावाची एक फोड सांगतात. तो घाईचा पदार्थ नव्हे. पुष्कळ ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो.

बेकरीतील जिन्नसांची नावेही अशीच गमतीदार आहेत. 'पान बोन' म्हणजे मनुका व मसाला घातलेला गडद रंगाचा गोड पाव. त्यातला 'बोन' म्हणजे इंग्रजी 'बन'. 'प्लान्तिन्ता' म्हणजे पिकल्या केळ्याचे सारण भरलेली करंजी, आणि तिचे नाव 'प्लँटेन टार्ट'चा अपभ्रंश. 'पाती' म्हणजे जमैकाची 'पॅटी'. ही तिखट सारणाची करंजीच होय. तिच्या सारणातल्या करी मसाल्याशी आपला दूरचा संबंध आहे. १८४५ पासून हिंदुस्थानातील करारबद्ध मजूर जमैकात नेले गेले आणि त्यांच्याबरोबर हळदीचा, मसाल्याचा स्वाद त्या बेटावर रुजला. तोच पुढे जमैकाच्या मजुराच्या पदरात बांधला जाऊन या किनाऱ्याला लागला.

उन्हात हिंडून आल्यावर 'आग्वा दे सापो' मागावे. त्याचा शब्दार्थ 'बेडकाचे पाणी' असा असला तरी दचकू नये. गूळ, आले आणि लिंबू यांचे ते थंडगार सरबत आहे. तिकडचा गूळ आपल्यासारखाच उसाच्या रसाचा आणि ढेपेचा असतो. शाकाहारी मंडळींना राइस अँड बीन्स, तळलेली केळी आणि नीरफणस यांवर सुखाने राहता येईल. मात्र भातात कधी कधी डुकराचे मांस घालतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे. शेवंड खाणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. मार्च ते जून हा तिच्या विणीचा, म्हणून मासेमारीस बंदीचा काळ. त्या दिवसांत ताजी शेवंड कोणी पुढे केली तर नको म्हणावे.

आता खरेदी. शनिवारी सकाळी पुएर्तो व्हिएहो येथे शेतकऱ्यांचा बाजार भरतो. फळे, कंद, मिरच्या, आले, घरचा पाव आणि कोको हे तेथले खरे धन. ब्रिब्री लोकांत कोको पवित्र मानतात. सिबो या देवाने एका स्त्रीचे कोकोचे झाड केले, अशी त्यांची कथा आहे. म्हणून त्याचे लाकूड ते जाळीत नाहीत, आणि विधीसाठी लागणारे कोकोचे पेय स्त्रियांनीच करावयाचे असते. या समाजात कूळ आईवरून चालते. गावाजवळच्या ब्रिब्री वस्त्यांत बिया भाजून, पाट्यावर वाटून चॉकलेट कसे होते ते पाहता येते आणि करणाऱ्या बाईच्या हातूनच ते विकतही घेता येते. कोरीव भोपळ्याची भांडी आणि टोपल्याही मिळतात. कासवाच्या कवचाची कंकणे, प्रवाळाचे तुकडे मात्र कोणी दाखविले तरी घेऊ नयेत. त्यांची विक्री बेकायदा आहे.

विक्रेता आणि गिऱ्हाईक यांचे नाते येथे कसे असे, याचे एक नामी उदाहरण म्हणजे कावीताचे वॉल्टर फर्ग्युसन. १९१९ साली जन्मलेला हा शेतकरी कॅलिप्सो गाणी रचीत असे. गावातील माणसे, भांडणे, बातम्या हेच त्याचे विषय. पाहुण्यांना तो आपल्या गाण्यांची कॅसेट विकी. पण ती छापील नव्हे! दर गिऱ्हाइकासाठी तो पुन्हा गाऊन नवी कॅसेट भरीत असे. त्यामुळे कोणतीही दोन सारखी नसत. २०२३ मध्ये, १०३ वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून तो वारला.

हिंडण्यासाठी मोटार नको. भाड्याची सायकल घ्यावी. पुएर्तो व्हिएहोहून निघालेला रस्ता कोकलेस, चिकिता, पुन्ता उवा असे एकेक किनारे घेत तेराएक किलोमीटरवर मान्सानियो येथे संपतो. १९७७ च्या कायद्याने भरतीच्या रेषेपासून पन्नास मीटरांची पट्टी सार्वजनिक ठरविली आहे, तेव्हा किनारा कोणत्याही हॉटेलाच्या मालकीचा नाही. कोणालाही बसता येते. पोहताना मात्र जपावे. येथील ओढ फसवी आहे. ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झटापट न करता काठाला समांतर पोहत बाहेर पडावे. हवा फेब्रुवारी-मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत बरी असते. पुढल्या जोडीत उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे लाखो शिकारी पक्षी डोक्यावरून जाताना दिसतात.

कावीता येथे किनाऱ्यालगतच्या राष्ट्रीय उद्यानातून सुमारे आठ किलोमीटरची पायवाट आहे. झाडांवर स्लॉथ नावाचा संथ प्राणी, माकडे आणि वाटेच्या कडेला पिवळा विषारी सापही दिसतो. म्हणून फांदीला हात लावण्यापूर्वी पाहावे. समोरच्या प्रवाळात दोन बुडालेली जहाजे आहेत. ती चाच्यांची असावीत अशी समजूत होती. परंतु गावच्या तरुण पाणबुड्यांनी व डेन्मार्कच्या संशोधकांनी विटा, लाकूड व मातीच्या चिलमी तपासल्या, आणि १७१० मध्ये बुडालेली ती डॅनिश गुलामवाहू जहाजे असल्याचे २०२५ साली जाहीर झाले. त्यांतून शेकडो आफ्रिकी माणसे या किनाऱ्यावर उतरविली गेली होती.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. १९७० मध्ये कावीताची जमीन संरक्षित झाली आणि १९७८ मध्ये तिचे राष्ट्रीय उद्यान बनले. ज्यांच्या वाडवडिलांनी तेथे नारळ लावले, त्यांना आपल्याच वाडीत परके व्हावे लागले. त्याच सुमारास कोकोच्या शेंगांवर बुरशीचा रोग पडला आणि थोड्याच वर्षांत बागा ओस पडल्या. हाताशी पैसा नाही, जमिनीचे कागद पुरते नाहीत, आणि दाराशी गिऱ्हाईक उभे! पुष्कळांनी जमिनी विकल्या. २२ एप्रिल १९९१ च्या भूकंपाने तर किनारा काही ठिकाणी दीड मीटरपर्यंत वर उचलला आणि प्रवाळाचे खडक उघडे पडले. नव्या जमीनमालकांनी हॉटेले बांधली, आणि जुना मालक तेथे नोकर होण्याची वेळ आली.

परंतु गाव गप्प बसले नाही. १९९४ मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांची प्रवेश-फी एकदम वाढविली, तेव्हा कावीताच्या लोकांनी उद्यानाचे दार आपल्या ताब्यात घेतले. चढ्या फीने पाहुणे आटले तर खाणावळी व वाटाडे उपाशी मरतील, हे त्यांचे म्हणणे होते. त्या झगड्यातून सरकार आणि गाव यांनी मिळून उद्यानाचा कारभार पाहण्याची रीत निघाली, आणि गावाकडील दाराशी ऐच्छिक देणगीची प्रथा पडली.

या दाराशी उभ्या असलेल्या प्रवाशाला आमच्या तीन प्रश्नांचे उत्तर आपोआप मिळावे. 'ऐच्छिक' याचा अर्थ 'फुकट' असा घेऊ नये. खाणावळ निवडताना चुलीपाशी कोण उभे आहे ते पाहावे. वस्तू घेताना ती कोणी केली ते विचारावे. वाट दाखवावयास गावचाच माणूस घ्यावा. यात दानधर्म नाही. उलट जेवण अधिक रुचकर, वस्तू अधिक अस्सल आणि वाट अधिक बोलकी होते, म्हणजे लाभ आपलाच. ज्या नारळाच्या दुधासाठी आपण इतक्या दूर जातो, त्या नारळाखाली लावणाऱ्याची नातवंडे राहिली नाहीत, तर उरेल तो केवळ समुद्र; आणि समुद्र पाहावयास तेवढे दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या कोकणपट्टीवरही आज पाहुण्यांची वर्दळ वाढली आहे. परक्या गावी कसे वागावे हे ज्याला कळले, त्याला आपल्या किनाऱ्यावर वेगळे शिकवावे लागणार नाही.