राजकारणात उतरण्याआधीची शाळा
बाबासाहेब आंबेडकर १९५२ मध्ये उत्तर मुंबईत हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही हरले. पुढे १ जुलै १९५६ रोजी त्यांनी मुंबईत एक शाळा सुरू केली : ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टु पॉलिटिक्स’. पहिल्या तुकडीत विद्यार्थी पंधरा. कारभार सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे यांच्याकडे. राजकारणाची शाळा ग्रंथपालाच्या हाती द्यावी, यातच बाबासाहेबांचा सगळा विचार दिसतो.

पक्ष म्हणजे मतं गोळा करणारी यंत्रणा एवढंच त्यांना मान्य नव्हतं. मताचा हक्क घटनेने दिला. पण सभागृहात उपप्रश्न कसा विचारावा, अंदाजपत्रकातली तरतूद कुठे शोधावी, कपात सूचना कशी मांडावी, हे कुणीतरी समोर बसवून शिकवावं लागतं. वकिलाच्या किंवा जमीनदाराच्या मुलाच्या कानावर यातलं बरंच घरीच पडतं. ज्यांच्या वाडवडिलांना चावडीच्या पायरीखाली उभं राहून बोलावं लागलं, त्यांच्यासाठी ते घर पक्षानेच व्हायला हवं होतं.

वक्तृत्वावर त्यांचा विशेष भर होता. १० डिसेंबरला ते स्वतः या विद्यार्थ्यांपुढे बोलणार होते. ६ डिसेंबरला त्यांचं निधन झालं. शाळा मार्च १९५७ पर्यंत कशीबशी चालली आणि बंद पडली. त्यांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष ऑक्टोबरात स्थापन झाला, तेव्हा पक्षाला माणसं घडवून देणारी ही जागा उरलीच नव्हती. पुढे पक्षात झालेली फाटाफूट एवढ्यामुळेच झाली असं नाही, पण ही उणीव पक्षाला जाणवत राहिली असणार.

तरी कार्यकर्ते चळवळीत शिकलेच. रिपब्लिकन पक्षाचे नेते दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांत हजारो बायामाणसं तुरुंगात गेली. पडीक सरकारी जमीन मागायची तर ती कुठली, कुणाच्या ताब्यात, अर्ज कुणाकडे, हे कळावं लागतं. मागणी करता करता माणसं सरकार वाचायला शिकली.

आज काही पक्ष अभ्यासवर्ग घेतात, त्यांचं मोल आहेच. पण गावपातळीवर काय आहे? महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ग्रामपंचायतीला पक्षचिन्ह नसलं तरी पॅनेलमागे पक्ष असतोच. प्रचाराची पत्रकं, गाड्या, सभा सगळं तो पुरवतो. निकाल लागल्यावर नवी सरपंच पहिल्यांदा खुर्चीत बसते, आणि वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च करता येतो, हे तिला ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाच विचारावं लागतं.