दैनंदिन मराठीतील अनुप्रास : नांदेड-लातूर परिसरातील बोलीव्यवहाराच्या संदर्भात

प्रस्तावना :

अनुप्रास हा शब्दालंकार शालेय व्याकरणात शिकविला जातो आणि पदवी वर्गात साहित्यशास्त्राच्या अभ्यासात पुन्हा भेटतो. दोन्ही ठिकाणी उदाहरणे बहुधा कवितेतील असतात. व्याख्या, प्रकार व उदाहरण पाठ करून विद्यार्थी गुण मिळवितो. परंतु हाच अलंकार आपण घरी, शेतात व बाजारात दिवसभर वापरतो, याची जाणीव त्याला होत नाही. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांत खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. आपली बोली अशुद्ध असून अलंकार ही ग्रंथभाषेची मिरास आहे, असा समज घेऊन यांपैकी अनेकजण वर्गात बसतात. हा समज भाषाशास्त्रीय दृष्ट्या निराधार आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संकल्पना :

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त वर्णांचे साम्य हे अनुप्रासाचे लक्षण मानले आहे. स्वर भिन्न असले तरी व्यंजनांची आवृत्ती झाली म्हणजे अनुप्रास सिद्ध होतो. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त श्रुत्यनुप्रासाचाही समावेश केला. एकाच उच्चारस्थानाचे वर्ण जवळ आले की कानाला जे साम्य जाणवते, तो श्रुत्यनुप्रास होय. या दोन कल्पना हाती असल्या म्हणजे बोलीतील बहुतेक उदाहरणांचा उलगडा होतो. 'केरकचरा'मध्ये 'क'ची आवृत्ती आहे, तर 'धनदौलत' व 'दगडधोंडे' यांत 'ध' आणि 'द' हे दोन दंत्य वर्ण एकत्र आले आहेत.

जोडशब्दांतील अनुप्रास :

नांदेडचा मोंढा असो वा लातूरची गंजगोलाई, तेथील बोलण्यात पीकपाणी, पाऊसपाणी, बी-बियाणे, मोजमाप, मोलमजुरी, शेतशिवार, मीठमिरची, भाजीभाकरी असे शब्द सहज येतात. हे शब्द केवळ या दोन जिल्ह्यांचे नाहीत, ते साऱ्या मराठीचे आहेत. मात्र त्यांचा अर्थ घटकशब्दांच्या बेरजेतून मिळत नाही, हे लक्षात घ्यावे लागते. 'पीकपाणी कसे आहे?' हा प्रश्न पीक आणि पाणी या दोन वस्तूंविषयी नसून शेतकऱ्याच्या एकूण स्थितीविषयी असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये 'पाऊसपाणी' हा शब्द औपचारिक विचारपूस म्हणून उरत नाही. 'भाजीभाकरी' म्हणजे साधे अन्न आणि पर्यायाने चरितार्थ. समान आद्यवर्णामुळे दोन शब्द एका श्वासात उच्चारले जातात आणि त्यांचा मिळून एक व्यापक अर्थ तयार होतो.

या शब्दांचा क्रमही बहुधा निश्चित असतो. केर-कचरा, मोल-मजुरी, शेत-शिवार, मीठ-मिरची, भाजी-भाकरी यांत लहान शब्द आधी व मोठा नंतर येतो. द्वंद्व समासात कमी स्वरांचे पद आधी यावे, असा नियम पाणिनीने सांगितला आहे. त्याचे नावही न ऐकलेला हमाल किंवा शेतमजूर त्याच प्रवृत्तीने बोलतो. 'काबाडकष्ट'सारखे अपवाद आहेत; तथापि ते थोडे आहेत.

'सगेसोयरे' हा शब्द या दृष्टीने विशेष बोलका आहे. सगे म्हणजे रक्ताचे नातेवाईक, तर सोयरे म्हणजे विवाहसंबंधातून जोडलेले. बोलीने ही दोन नाती 'स'च्या धाग्यात ओवून एक केली. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जातप्रमाणपत्रविषयक नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात या शब्दाची व्याख्या द्यावी लागली. बोलीने एक केलेले अर्थ कायद्याला पुन्हा तपासावे लागतात, हे यावरून दिसते.

भाषासंपर्क आणि अनुप्रास :

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व उर्दू ही तेथील राज्यकारभाराची भाषा होती. त्याही पूर्वीपासून अरबी-फारसी शब्द मराठीत रुळत आले होते. त्यांना मराठीत सामावून घेताना अनुप्रास उपयोगी पडला. 'रीतिरिवाज'मध्ये संस्कृत 'रीति' आणि अरबी-फारसी 'रिवाज' शेजारी बसले. 'मोलमजुरी'त मराठी 'मोल' आणि फारसी 'मजुरी' एकत्र आली. 'दवादारू'तील दोन्ही शब्द परके आहेत, पण उच्चारात ते घरचे झाले आहेत. पुढे इंग्रजी 'कोर्ट' आले आणि 'कोर्टकचेरी' तयार झाली. शब्दाचे मूळ कोणतेही असले तरी आद्यवर्ण जुळला की बोली त्याला जवळ करते.

अनुप्रास आणि प्रतिध्वनी शब्द :

'पाणीबिणी', 'जेवणबिवण' यांना पुष्कळदा अनुप्रास समजले जाते. वस्तुतः येथे प्रक्रिया उलट आहे. अनुप्रासात आद्यवर्ण टिकतो व उरलेला शब्द बदलतो. प्रतिध्वनी शब्दात उरलेला शब्द टिकतो व आद्याक्षर बदलते. मराठीत हे बदली अक्षर 'बि', हिंदीत बहुधा 'व', तर कन्नड व तेलुगूत 'गि' वा 'गी' असते. उदगीर-देवणी भागात कन्नड आणि देगलूर-बिलोली भागात तेलुगू कानावर पडत असल्याने ही तुलना येथील वर्गात सहज करता येते. मूळ शब्द 'ब'ने सुरू होत असेल, तर 'बाजारबिजार'प्रमाणे दोन्ही प्रक्रिया एकाच ठिकाणी भेटतात.

अक्षर आणि ध्वनी :

अनुप्रास कानाचा आहे, डोळ्यांचा नाही. 'चोर' आणि 'चेहरा' यांत अक्षर एकच असले तरी उच्चार भिन्न आहे. 'जाते' व 'जेवण' यांचेही तसेच. 'चोराच्या मनात चांदणे' या म्हणीत 'चोर' व 'चांदणे' यांचा आद्य ध्वनी खरोखर एक आहे, म्हणून ती जिभेवर बसते. 'गाढवाला गुळाची चव काय', 'कोल्हा काकडीला राजी' या म्हणींच्या स्मरणसुलभतेचे एक कारणही हेच आहे.

अध्यापनातील उपयोजन :

१) विद्यार्थ्यांनी घर, शेत व बाजार येथून आठ दिवसांत असे शब्द जमवावेत आणि ते अनुप्रास, अंत्ययमक ('मानपान'), द्विरुक्ती ('हळूहळू') व प्रतिध्वनी अशा चार गटांत लावावेत.

२) जोडशब्दातील एक पद बदलून पाहावे. 'गोरगरीब'ऐवजी 'गोरनिर्धन' म्हटले की अर्थ जवळचा राहूनही शब्द तुटतो. ध्वनी कोणते काम करीत होता, हे लगेच कळते.

३) एकाच वर्णाची वाक्ये रचण्याचा खेळ घ्यावा. उदा. 'लातूरच्या लताने लिंबाचे लोणचे लगबगीने लपविले', 'नांदेडच्या नामदेवाने नव्या नांगराने नाल्याकाठचे नापीक नांगरले'.

४) तेलुगू, कन्नड, उर्दू वा गोरमाटी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्या भाषेतील जोडशब्द सांगावेत. या तासाला त्यांचे वेगळेपण उणीव न ठरता अभ्याससामग्री ठरते.

निष्कर्ष :

दैनंदिन मराठीत अनुप्रास अर्थ जोडतो, शब्दक्रम टिकवितो, परक्या शब्दांना आश्रय देतो आणि म्हणी स्मरणात ठेवतो. शोभा हे त्याचे एकमेव कार्य नाही. निबंधात 'पीकपाणी' खोडून 'कृषिविषयक परिस्थिती' लिहायला लावणारे अध्यापन विद्यार्थ्याची भाषा सुधारीत नाही, तिची घडण मोडते. म्हणून अलंकाराचा पाठ विद्यार्थ्याच्या तोंडच्या शब्दापासून सुरू व्हावा आणि तेथून कवितेकडे जावा. आपल्या आजीच्या बोलण्यात मम्मटाचे लक्षण सापडलेला विद्यार्थी ती व्याख्या परीक्षेनंतरही विसरणार नाही.